शास्त्रज्ञाची भेट: प्रश्न मुलांचे, वेळही मुलांचाच

‘आमच्या मुलांना खऱ्याखुऱ्या शास्त्रज्ञाशी बोलायला मिळेल का?’ विज्ञान शिकवणारे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक हे सतत विचारतात. त्यामागोमाग इतर शंकाही येतात. विज्ञान केंद्राची सहल केली म्हणजे शास्त्रज्ञाची भेट झाली का? पत्र कुणाला लिहायचं? पैसे किती पडतात? मराठी माध्यमाच्या मुलांना तिथली भाषा झेपेल का? तालुक्याच्या गावातल्या शाळेनं काय करायचं?

या शंकांची उत्तरं इथे क्रमानं दिली आहेत. भेट चांगली झाली की नाही, हे ओळखायची कसोटी मात्र एकच ठेवा: मुलांनी स्वतःचे प्रश्न विचारले का, आणि उत्तर निवांत ऐकायला त्यांना वेळ मिळाला का? पुढचं सगळं नियोजन या कसोटीला धरूनच करायचं आहे.

आधी ठरवा: तुम्हाला नेमकं काय हवंय?

‘सायन्स सेंटरला जाऊन आलो’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

- प्रदर्शन पाहणं. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचं रमण विज्ञान केंद्र, पणजीत मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र आणि चिंचवडचं सायन्स पार्क इथे मुलं उपकरणं हाताळून बघतात. ही सहल जरूर करा. तिथे मुलांची गाठ मुख्यतः वस्तूंशी पडते.
- प्रात्यक्षिक किंवा तारांगणातला खेळ. इथे केंद्रातले मार्गदर्शक समजावून सांगतात. ते आपल्या कामात तरबेज असतात. मात्र ते जे सांगतात ते बहुतेक सिद्ध झालेलं, पुस्तकात आलेलं विज्ञान असतं.
- कार्यरत शास्त्रज्ञाशी थेट संवाद. ही व्यक्ती आज, या महिन्यात संशोधन करत असते. गेल्या आठवड्यात प्रयोग का फसला, कुठलं निरीक्षण अजून जुळत नाही, कशाचं उत्तर कुणालाच माहीत नाही, हे ती सांगू शकते.

तुम्हाला तिसरी गोष्ट हवी असेल, तर फोनवर चौकशी करताना दोनच प्रश्न विचारा: ‘बोलणारी व्यक्ती सध्या संशोधन करते का?’ आणि ‘मुलांच्या प्रश्नांसाठी किती मिनिटं राखून ठेवली आहेत?’ उत्तर समाधानकारक नसेल तर ती सहल म्हणूनच आखा आणि भेटीसाठी वेगळी सोय बघा.

कुठे विचारायचं?

*विज्ञान केंद्रं आणि संग्रहालयं.* मुंबई, नागपूर आणि पणजीची वर उल्लेखलेली केंद्रं राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या जाळ्यातली आहेत. तिथे व्याख्यानं, शिबिरं आणि विज्ञान दिनाचे कार्यक्रम होतात. चौकशी करताना ‘शिक्षण विभाग’ मागा. तिकीट खिडकीवर ही माहिती मिळेलच असं नाही.

*पुण्यातलं आयुका.* खगोलशास्त्रातल्या या संशोधन केंद्रात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शालेय विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानं होतात. त्याच आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे; पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून तिची इमारत उभी राहिली आणि तिचं नावच ‘पुलस्त्य’ ठेवलं गेलं. त्या महिन्याचं व्याख्यान कुठल्या भाषेत आहे, ते आधी विचारून घ्या.

*मुंबईत टीआयएफआरचा ‘चाय अँड व्हाय?’.* हा कार्यक्रम २००९ पासून रविवारी होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ नाट्यगृहात किंवा महाविद्यालयात येऊन लोकांशी बोलतात. प्रवेश मोफत असतो. अख्ख्या वर्गापेक्षा आठ-दहा उत्सुक मुलं आणि त्यांचे पालक घेऊन जायला हा कार्यक्रम उत्तम.

*खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण.* जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ जीएमआरटीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना पसरलेल्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे सर्वांना प्रवेश असतो, परिसरातल्या शाळा आपले प्रकल्प मांडतात आणि शास्त्रज्ञ, अभियंते स्वतः समजावून सांगतात. गर्दी प्रचंड असते, त्यामुळे निवांत गप्पा हव्या असतील तर वेगळ्या दिवसाची विनंती करा.

*सीएसआयआरचा (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा) ‘जिज्ञासा’ उपक्रम.* जुलै २०१७ मध्ये केंद्रीय विद्यालयांच्या सोबतीनं सुरू झालेला हा उपक्रम विद्यार्थ्यांना प्रयोगशाळांशी जोडतो. आपल्या जवळच्या सीएसआयआर संस्था म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तुमची शाळा केंद्रीय विद्यालय नसली तरी संबंधित प्रयोगशाळेला पत्र लिहून विचारा.

*मराठी विज्ञान परिषद.* १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवणाऱ्या या संस्थेच्या शाखा अनेक गावांत आहेत. मराठीत सहज बोलणारा शास्त्रज्ञ हवा असेल, तर पहिली चौकशी इथे करावी.

शाळा शहरापासून लांब असेल तर

शास्त्रज्ञ फक्त मुंबई-पुण्यात असतात, हा समज आधी सोडून द्या. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या चार कृषी विद्यापीठांत पिकं, माती, कीड, हवामान, मासे यांवर संशोधन चालतं. कृषी विज्ञान केंद्रं तर राज्यात जवळपास सर्व जिल्ह्यांत आहेत. तिथले विषयतज्ज्ञ प्रक्षेत्रावर मुलांना घेऊन फिरू शकतात आणि ते मुलांच्याच भाषेत बोलतात. कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल ज्या मुलानं घरात चिंता ऐकली आहे, त्याचे प्रश्न कुठल्याही शहरी वर्गाइतकेच टोकदार असतात.

दुसरा मार्ग ऑनलाइन भेटीचा. संस्थेतल्या माणसाला गावापर्यंत यायला अख्खा दिवस लागतो. ऑनलाइन पाऊण तास द्यायला तो चटकन तयार होतो. परदेशातलेही पर्याय आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला ‘स्काइप अ सायंटिस्ट’ हा मोफत उपक्रम शिक्षकांचा अर्ज घेऊन वर्गाला शास्त्रज्ञ जुळवून देतो. वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयानं शाळकरी मुलांसाठी शास्त्रज्ञांबरोबर थेट प्रक्षेपणं केली असून, त्यांच्या ध्वनिचित्रफिती नंतरही बघता येतात.

इथे घड्याळ सांभाळा. वॉशिंग्टनला सकाळचे ११ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. त्यामुळे असं प्रक्षेपण शाळेच्या वेळेत बसत नाही. ध्वनिचित्रफीत वर्गात थांबवत थांबवत दाखवणं जास्त सोयीचं. तिकडे राहणाऱ्या मराठी शास्त्रज्ञाची ओळख असेल, तर भारतात सकाळची आणि तिथे आदल्या संध्याकाळची किंवा रात्रीची वेळ दोघांनाही जमते.

पत्र असं लिहा

लांबलचक स्तुती आणि शाळेचा इतिहास यांची गरज नाही. शास्त्रज्ञाला ‘हो’ म्हणणं सोपं जावं एवढाच पत्राचा हेतू. त्यात या गोष्टी हव्यात:

1. शाळेचं नाव, गाव, इयत्ता, माध्यम आणि मुलांची संख्या.
2. मुलं सध्या कुठला घटक शिकत आहेत.
3. भेट प्रत्यक्ष हवी की ऑनलाइन, आणि सोयीच्या तीन तारखा.
4. एकूण वेळ आणि त्यातला प्रश्नांसाठीचा वेळ.
5. मुलांनी विचारलेले तीन प्रश्न, त्यांच्याच शब्दांत.
6. संपर्कासाठी एकाच शिक्षकाचं नाव आणि क्रमांक.

पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. नमुन्यादाखल हे वाचा:

‘आमच्या आठवीच्या वर्गात ३८ मुलं आहेत, माध्यम मराठी. एका मुलीनं विचारलं आहे की दिवसा तारे दिसत नाहीत, मग तुमची दुर्बीण दिवसा बंद असते का? आम्हाला याचं उत्तर तुमच्याकडून ऐकायचं आहे.’

खगोलशास्त्रज्ञाला या प्रश्नातून रेडिओ लहरींपर्यंत थेट जाता येतं, कारण रेडिओ दुर्बीण दिवसाही काम करते. शिवाय प्रश्न मुलीनं स्वतः विचारलेला आहे हे त्याला लगेच जाणवतं. ‘विज्ञानाचे महत्त्व या विषयावर मार्गदर्शन करावे’ अशा पत्रातून हे साधत नाही.

पत्र संस्थेच्या जनसंपर्क किंवा लोकविज्ञान विभागाला पाठवा आणि प्रत संचालकांना द्या. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा. नकार आला तर ‘तुमच्याकडचं आणखी कुणी वेळ देऊ शकेल का?’ असं जरूर विचारा. पीएचडी करणारे तरुण संशोधक मुलांशी फार छान बोलतात. ते स्वतः रोज प्रयोगाला बसतात, आणि शाळा सोडून त्यांना फार वर्षं झालेली नसतात.

प्रश्नांची तयारी: हाच खरा अभ्यास

भेटीच्या आठवडाभर आधी एक तास फक्त प्रश्नांना द्या. शास्त्रज्ञ काय काम करतो हे पाच मिनिटांत सांगा आणि प्रत्येक मुलाकडून चिठ्ठीवर दोन प्रश्न घ्या. चिठ्ठीवर नाव नको, म्हणजे संकोच राहत नाही.

मग चिठ्ठ्या वर्गातच वाचा. समजा पाहुणे जीवाश्मांचा अभ्यास करतात आणि चिठ्ठीत आहे, ‘डायनासोर कसे मेले?’ प्रश्न बाजूला टाकू नका. मुलांना विचारा, ‘याचं उत्तर पुस्तकात मिळतं. मग शास्त्रज्ञालाच विचारावं असं यात काय आहे?’ थोड्या चर्चेनंतर प्रश्न असा होतो: ‘डायनासोर काय खायचे हे कुणीच पाहिलेलं नाही. मग तुम्हाला कसं कळलं?’

या प्रश्नाचं एक उत्तर महाराष्ट्राच्याच मातीतून आलेलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा त्यात गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं. डायनासोरच्या काळात गवत होतं, याचा तो ठोस पुरावा ठरला. दगड झालेल्या विष्ठेतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं जेवण वाचता येतं, हे ऐकल्यावर मुलं पुढचे प्रश्न आपणहून विचारतात.

कुठलाही प्रश्न धारदार करायला ही तीन वाक्यं पुरतात:

- हे तुम्हाला कसं कळलं?
- तुमचं चुकत असेल तर ते कशावरून कळेल?
- यातलं अजून काय माहीत नाही?

प्रश्न सुधारताना भाषा मुलांचीच राहू द्या. शिक्षकांनी लिहून दिलेला, पाठ करून म्हटलेला प्रश्न ऐकणाऱ्याला तत्काळ ओळखू येतो. साधे वाटणारे प्रश्नही गाळू नका: ‘तुम्हाला गणित आवडायचं का?’, ‘घरचे काय म्हणाले?’, ‘कंटाळा आला तर काय करता?’ शास्त्रज्ञ होणं आपल्यालाही जमेल, हे मुलांना अशाच उत्तरांतून कळतं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि सहीनिशी उत्तर पाठवत. प्रश्नाला एवढा मान देणाऱ्या परंपरेत आपण शिकलो-शिकवतो आहोत. तुमच्या वर्गातल्या चिठ्ठ्यांनाही तोच मान द्या.

भेटीचा दिवस: पाऊण तासाची आखणी

- ५ मिनिटं: ओळख. ती विद्यार्थ्यानंच करून द्यावी.
- १० मिनिटं: शास्त्रज्ञाचं बोलणं. ‘मी सध्या कशाच्या मागे आहे’ एवढाच विषय. एखादा नमुना, छायाचित्र किंवा उपकरण सोबत आणायला आधीच सांगा.
- २५ मिनिटं: मुलांचे प्रश्न.
- ५ मिनिटं: शास्त्रज्ञानं मुलांना विचारायचा एक प्रश्न आणि आभार.

एका वेळी एकच वर्ग असेल तर उत्तम. दोन-तीन वर्ग एकत्र आले तर मागच्या बाकांवरच्या मुलांना पाळी मिळत नाही.

ऑनलाइन भेटीत चित्रापेक्षा आवाज सांभाळा. लॅपटॉपच्या आतल्या स्पीकरवर वर्गाला काही ऐकू येत नाही. बाहेरचा स्पीकर जोडा. बोलणाऱ्या मुलानं पुढे येऊन माइकजवळ उभं राहावं. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी चाचणी घ्या. पर्यायी नेटसाठी वेगळ्या कंपनीचं सिम असलेला फोन जवळ ठेवा. वीज किंवा नेट गेलंच, तर प्रश्नांची यादी शास्त्रज्ञाकडे आधीच पोचलेली असावी, म्हणजे ते उत्तरं ध्वनिमुद्रित करून पाठवू शकतील.

प्रत्यक्ष जायचं असेल तर शिक्षण विभागाची सहलीची परवानगी आणि पालकांची लेखी संमती वेळेत घ्या. शैक्षणिक सहलींना एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, तिची चौकशी आगारात आधीच करा. जीएमआरटीसारख्या ठिकाणी मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण त्यांच्या लहरींनी निरीक्षणांत व्यत्यय येतो. हा व्यत्यय नेमका कसा येतो, हे मुलांनाच शोधायला सांगा.

इथे हमखास घोटाळा होतो

- सत्कारात वेळ जातो. स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, अध्यक्षांचे दोन शब्द असं करता करता निम्मा वेळ संपतो. गुलाबाचं एक फूल आणि मुलांनी बनवलेलं कार्ड पुरे.
- फक्त हुशार मुलं पुढे बसतात. निवडलेले प्रश्न वेगवेगळ्या मुलांना द्या. मुली, मागच्या बाकावरची मुलं, क्वचितच बोलणारी मुलं यांची पाळी आधीच ठरवून ठेवा.
- मोठी माणसंच विचारत बसतात. पालक आणि शिक्षकांचे प्रश्न शेवटी, वेळ उरला तरच.
- भेट विज्ञान दिनापुरतीच उरते. २८ फेब्रुवारीला शास्त्रज्ञांना चहूकडून आमंत्रणं असतात आणि शाळेत परीक्षा जवळ आलेली असते. जुलै-ऑगस्ट किंवा दिवाळीनंतरचे आठवडे निवडा.
- पाहुणे भाषणच करू लागतात. दहा मिनिटं झाल्यावर एका मुलानं हात वर करून पहिला प्रश्न विचारायचा, असं पाहुण्यांनाही आधी सांगून ठेवा. बहुतेकांना ते आवडतं.

तुमचे आणि मुलांचे हक्क

- मराठीत विचारण्याचा. शास्त्रज्ञाला मराठी येत नसेल तर शिक्षकानं दुभाषी व्हावं. इंग्रजीत बोलता येत नाही म्हणून एकाही मुलाचा प्रश्न मागे राहू नये. दुभाष्यामुळे वेळ जास्त लागतो, तेवढे प्रश्न कमी ठेवा.
- फोटो नाकारण्याचा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती घेणं अपेक्षित आहे. फोटो, ध्वनिचित्रमुद्रण, पूर्ण नाव प्रसिद्ध करायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. संमती नसलेल्या मुलाला भेटीतून मात्र वगळू नका. त्याला चौकटीबाहेर बसवा.
- सुरक्षिततेचा. भेट प्रत्यक्ष असो वा ऑनलाइन, शिक्षक पूर्ण वेळ हजर हवेत. पाहुण्यांनी मुलांचे खासगी क्रमांक घेऊ नयेत. पुढचा संपर्क शाळेमार्फतच व्हावा.
- सहभागाचा. दिव्यांग मुलांसाठी रॅम्प, लिफ्ट, पुढची जागा किंवा खुणांच्या भाषेची सोय हवी असेल तर पत्रातच लिहा. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा तुमच्या पाठीशी आहे.
- खर्च आधी कळण्याचा. यातले अनेक कार्यक्रम मोफत असतात. केंद्रांत प्रवेशशुल्क असू शकतं. कुणी ‘शास्त्रज्ञ भेटी’साठी मोठी रक्कम मागत असेल, तर कोण बोलणार आणि पैसे कशाचे, हे लेखी मागा.

भेट संपल्यावर

दुसऱ्याच दिवशी एक तास ठेवा. प्रत्येक मुलानं तीन ओळी लिहाव्यात: काय नवीन कळलं, कशाचं आश्चर्य वाटलं, आता कुठला प्रश्न पडला. उरलेल्या प्रश्नांतले पाच निवडून शास्त्रज्ञाला आभारपत्रासोबत पाठवा. उत्तर आलं की ते सूचना फलकावर लावा, ज्या मुलाचा प्रश्न होता त्याच्या हस्ते.

त्याच शास्त्रज्ञाशी वर्षभरात पुन्हा एकदा, ऑनलाइन वीस मिनिटं का होईना, बोलणं ठरवा. पहिल्या भेटीत मुलं बुजतात. दुसऱ्या भेटीत ती शास्त्रज्ञाला ‘त्या प्रयोगाचं पुढे काय झालं?’ असं विचारतात. संशोधन सावकाश चालतं, अडतं आणि पुन्हा सुरू होतं, हे पाठ्यपुस्तकात न मावणारं सत्य त्यांना तेव्हा उमगतं.

म्हणून या आठवड्यात एवढं करा: आपल्या सर्वांत जवळची एक संस्था निवडा, वर्गातून चिठ्ठ्या गोळा करा आणि त्यातले तीन प्रश्न घालून पत्र पाठवा. यासाठी निधीची किंवा कुणाच्या ओळखीची वाट बघावी लागत नाही. प्रश्न तुमच्या वर्गात आहेतच. ते योग्य माणसापर्यंत पोचवायचे आहेत, आणि ते काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकणार नाही.